जुनं शेफिल्डचं पातं म्हणून साधं लोखंड गळ्यात मारलं, स्पोकशेव घेणाऱ्यांनी वाचा

हाताने लाकूडकाम करायचा नाद असलेल्यांसाठी लिहितोय, त्यातही जे सध्या स्पोकशेव शोधतायत त्यांच्यासाठी. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, हा रंध्याचाच भाऊ, पण बूड एकदम आखूड आणि दोन्ही बाजूंना धरायला मुठी, त्यामुळे खुर्चीचा हात, कुऱ्हाडीचा दांडा असल्या वळणाच्या लाकडावर चालतो, जिथे लांब रंधा टेकतच नाही. आपले मिस्त्री लोक हे काम मरफा कानस (सुटे टोकदार दाते असलेली लाकडाची कानस), गोल पटाशी आणि शेवटी काचेच्या तुकड्याने करतात आणि झकास करतात. मला शिसवीच्या खुर्चीचे हात करायचे होते, आणि पॉलिश पेपरची धूळ नाकात जाऊन वैताग आला होता म्हणून हे हत्यार हवं होतं.

पुण्यात बोहरी आळीत एक-दोन दुकानांत विचारलं, नव्हतं. मग फोनवर एक पेज दिसलं, "इंग्रजांच्या काळातला माल, ओरिजिनल शेफिल्ड स्टील" (शेफिल्ड म्हणजे पोलादासाठी नावाजलेलं इंग्लंडमधलं शहर), सपाट बुडाचा एक, गोल बुडाचा एक आणि वर हाताने दाते पाडलेली मरफा कानस, सगळं मिळून २,८००. कॅश ऑन डिलिव्हरी नाही, आधी यूपीआय. आणि व्हिडिओ काय सांगू, लाकडावरून लांबलचक पातळ छिलका असा सोलून येतोय की बघतच राहावं. भुललो, पैसे पाठवले, माल आला.

तर पहिली गोष्ट हीच, त्या व्हिडिओवरून काहीही कळत नाही. मऊ, ओलसर लाकूड घ्या, पातं ताजं ताजं घासा, मग ते कुठल्याही लोखंडाचं असू दे, तेवढे दोन-चार छिलके सुंदर निघतात. खरी परीक्षा वाळलेल्या कडक लाकडावर आणि दहा मिनिटांनी. माझ्या शिसवीवर त्या पात्याने जरा काम केलं आणि कापायच्या ऐवजी घसरायला लागलं, बघतो तर धार चक्क वळलेली, नखाला लागत होती. वाटलं सेटिंग चुकत असेल. दोन्ही टोकांकडून खोलगट भागाच्या तळाकडे, म्हणजे उताराच्या दिशेने चालवायचं, लाकडाच्या रेषा उलट्या येतात तिथे थांबायचं, हे सगळं पाळून पाहिलं. पुन्हा धार लावली, पुन्हा तेच.

मग एक जुनी चांगली कानस घेऊन पात्याच्या कडेला फिरवली. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेलं पोलाद असेल तर कानस त्यावरून काचेवरून सरकावी तशी सरकते, फारतर किंचित धरते. इथे कर्रर्र करून चावली आणि खाली भुगा पडला!! गावाकडच्या लोहाराला दिलं, त्याने लाल केलं, तेलात बुडवलं, परत कानस मारली तर तेच. तो म्हणाला, "भाऊ, हे लोखंड आहे, पोलाद नाही, याला पाणी चढणारच नाही." खरंय, साध्या एमएसमध्ये, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये, कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा कमीच, आणि धार टिकायला तो पाऊण-एक टक्क्याच्या घरात लागतो. ग्राइंडरवर धरलं तर ठिणग्यासुद्धा लांब सरळ रेषेत गेल्या, चांगल्या पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात.

आता गंमत बघा. पात्यावर "कास्ट स्टील, शेफिल्ड" असं कोरलेलं होतं. जुन्या हत्यारांवर हा शिक्का खरंच असायचा, मुशीत वितळवून केलेलं पोलाद, १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन यांनी शेफिल्डजवळ ती रीत बसवली. पण तो शिक्का ठोकून मारलेला असतो, अक्षराच्या कडेला धातू जरा उचललेला लागतो. माझ्याकडचं लिखाण लेझरचं, वरवरचं, आणि गंजाच्या खड्ड्यांच्या वरून गेलेलं! म्हणजे आधी गंज चढवला आणि मग "१०० वर्षं जुना" शिक्का. कलाकार माणूस. कानस पण तशीच, हाताने पाडलेले दाते थोडे वेडेवाकडे असतात म्हणून लाकडावर चर पडत नाहीत, ह्याचे सरळ रांगेत, एका मापाचे, वळणावर फिरवली की नांगरल्यासारखं.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर आधी "सर तुम्हाला चालवता येत नाही" आणि मग अचानक एकदम गोड बोलायला लागला, रिफंड देतो म्हणाला आणि क्यूआर पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील." हे तर सगळ्यात डेंजर. पैसे यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. नकार दिला तसा ब्लॉक केलं. असं कोणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जेवढा उशीर तेवढी रक्कम पुढे सरकते. मालाची तक्रार मी १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला केली, तक्रारीचा नंबर मिळाला, पण त्यांनी विक्रेत्याचा पत्ता मागितला आणि तो पेजवर नव्हताच. ऑनलाइन विकणाऱ्याने नाव-पत्ता द्यायला हवा असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात, म्हणून आता पैसे पाठवायच्या आधी पत्ता आणि बिल मागा, टाळाटाळ झाली की तिथेच सोडा. आणि कानस पात्यावर फिरवतानाचा व्हिडिओ मागा, छिलक्याचा नको.

तेच पेज आता दुसऱ्या नावाने चालू आहे, व्हिडिओ तोच, मागे निळी बादली दिसते बघा. ज्यांच्याकडे असा माल आधीच आलाय त्यांनी बॉडी फेकू नका, माझी तरी बिडाची होती आणि बूड बऱ्यापैकी सपाट निघालं, पात्याचं माप घेऊन चांगल्या पोलादाचं नवीन पातं टाकलं तर काम देते. कानस मात्र भंगारात.