गणपतीची रोषणाई: रिले की पिक्सेल पट्टी?

घरच्या मखरासाठी संगणकाच्या हुकमावर चालणारी रोषणाई स्वस्तात करायची तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे माळ्यावरच्या जुन्या माळा आठ चॅनेलच्या रिले बोर्डाला (म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या आठ स्विचांच्या बोर्डाला) जोडायच्या आणि आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाने चालू-बंद करायच्या. खर्च काय तो बोर्डांचा. पण माळ एकतर पूर्ण पेटते, नाहीतर विझते, आणि आरतीनंतरच्या शांततेत रिलेची टकटक कानाला खुपते. शिवाय २३० व्होल्टची जोडणी. लहान मुलांच्या घरात मला ती नकोच वाटते.

म्हणून माझा कौल दुसऱ्या वाटेला, म्हणजे डब्ल्यूएस२८१२बी या एलईडी पिक्सेल पट्टीला. ती ५ व्होल्टवर चालते, एकेका दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो. ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या बोर्डावर डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की सगळं मोबाइलवरून हाताळता येतं. पैसा जातो तो पॉवर सप्लायमध्ये: पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे ३०० दिव्यांना १८ अँपिअर. तेवढा सप्लाय परवडत नसेल तर डब्ल्यूएलईडीतच करंटची मर्यादा घाला, निम्म्या उजेडातही मखर छान उजळतं. पट्टीच्या शेवटाकडे पांढरा रंग तांबूस दिसू लागला तर तिथे व्होल्टेज कमी पोचतंय. त्या टोकालाही सप्लायची वायर जोडा.