हॅरिक प्लाझ्मा पीडीसी-३२जी : लहान प्रयोगशाळेला पुरेसा प्लाझ्मा क्लीनर

पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन रबराच्या मायक्रोफ्लुइडिक चिप (बारीक वाहिन्यांतून द्रव खेळवणाऱ्या पट्ट्या) काचेवर कायमच्या चिकटवणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये अमेरिकेतील इथाका येथील हॅरिक प्लाझ्मा या कंपनीचे हे टेबलावर मावणारे, प्लाझ्माने म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूने पृष्ठभाग साफ करणारे यंत्र बऱ्याचदा दिसते. साधारण तीन इंच व्यासाचे काचेचे दंडगोलाकार चेंबर, शक्तीच्या कमी, मध्यम व जास्त अशा तीन पातळ्या आणि कमाल शक्ती १८ वॅट, इतकाच त्याचा पसारा आहे. १८ वॅट हा आकडा ऐकून नवख्यांना यंत्र दुबळे वाटते. माझ्या मते मात्र तेच त्याचे बलस्थान आहे, कारण पीडीएमएसला गरजेपेक्षा जास्त प्लाझ्मा मिळाला तर वरचा थर सिलिकासारखा ठिसूळ होऊन त्याला सूक्ष्म तडे जातात आणि जोड कच्चा राहतो.

पंपाने चेंबरमधील दाब काही शे मिलिटॉरपर्यंत उतरवून आरएफ, म्हणजे रेडिओ वारंवारतेची विद्युतशक्ती, चालू केली की हवेचा प्लाझ्मा गुलाबीसर जांभळा उजळतो. त्यातील ऑक्सिजनचे क्रियाशील अणू सेंद्रिय मळाचे वायूंत रूपांतर करतात, तर पीडीएमएसवरील पाणी झिडकारणाऱ्या मिथाइल गटांच्या जागी पाणी ओढून घेणारे सिलॅनॉल गट येतात आणि असे दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकले की त्यांच्यात सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन बंध जुळतात. पीडीएमएसच्या एखाद्या टाकाऊ तुकड्यावर पिपेटने पाण्याचा थेंब सोडून पाहावा: आधी तो मण्यासारखा टपोरा उभा राहतो, प्रक्रियेनंतर टेकताक्षणी पातळ पसरतो. हा गुण हवेत फार काळ टिकत नसल्यामुळे चिप लगेच जोडलेली बरी. धूळ आणि क्षार मात्र प्लाझ्माने जात नाहीत, त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने आधी धुण्याला पर्याय नाही.

खरी काळजी पंपाची आणि दाबाची घ्यावी लागते. वायूचा प्रवाह व दाब दाखवणारी प्लाझ्माफ्लो ही जोडणी वेगळी घ्यावी लागते, आणि ती पहिल्याच खरेदीत घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन; केवळ प्रकाशाच्या रंगावरून दाबाचा अंदाज बांधला तर आजचा निकाल उद्या पुन्हा मिळेलच असे नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे चेंबरच्या भिंतींवर ओल धरते आणि निर्वात व्हायला अधिक वेळ लागतो, तेव्हा तर मापकाशिवाय भागतच नाही. शुद्ध ऑक्सिजन वापरायचा असल्यास साध्या खनिज तेलाचा पंप कदापि जोडू नये, कारण त्यात स्फोटाचा धोका असतो. ऑक्सिजनमध्ये न पेटणाऱ्या परफ्लुओरोपॉलिइथर तेलाचा किंवा ऑक्सिजनसाठी योग्य असा कोरडा पंप घ्यावा. नुसत्या बाँडिंगसाठी, म्हणजे चिप चिकटवण्यासाठी, खोलीतील हवा पुरते.

फोटोरेझिस्टचे (नक्षी उमटवण्यासाठीच्या प्रकाशसंवेदी लेपाचे) जाड थर काढायचे असतील किंवा रोजच्या उत्पादनात एकसारखी, नोंद ठेवलेली प्रक्रिया हवी असेल, तर जर्मनीतील डीनर इलेक्ट्रॉनिकची यंत्रे पाहावीत. त्यांत ४० किलोहर्ट्झ, १३.५६ मेगाहर्ट्झ आणि २.४५ गिगाहर्ट्झ असे जनरेटरचे पर्याय असून संगणकीय नियंत्रणही मिळते. चिप, काचपट्ट्या आणि लहान नमुन्यांपुरते काम असेल, तर पीडीसी-३२जी मी निःशंकपणे सुचवेन.