टॅब कंप्लीशन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टॅब कंप्लीशन म्हणजे पहिली काही अक्षरं लिहून टॅब दाबला की कमांडचं उरलेलं आपोआप भरलं जाणं. मृगाच्या पावसात बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या शेलमध्ये, कुबसीटीएल या कमांडचं टॅब कंप्लीशन बसवलं. आता संत्र्याच्या बगीच्यात आंबिया बहाराची फुलं दिसायला लागलीत, म्हणजे आठ महिने झाले. वरूड तालुक्यातल्या आमच्या घराच्या माडीवर बसून मी दूरचे सर्व्हर सांभाळतो. या आठ महिन्यांत एकही दिवस याच्याशिवाय गेला नाही.

गरज का पडली ते आधी सांगतो. कुबरनेटीस म्हणजे सर्व्हरवर ॲप चालवणारी प्रणाली, आणि कुबसीटीएल ही तिचीच कमांड. त्यात डिप्लॉयमेंटमधून (ॲप कसं चालवायचं त्याची मांडणी) तयार झालेल्या पॉडचं, म्हणजे चालू ॲपच्या एका प्रतीचं, नाव लांबलचक असतं. आधी डिप्लॉयमेंटचं नाव, मग एक हॅश, आणि शेवटी पाच अक्षरांचं शेपूट. चुकून एखादा वाईट शब्द तयार होऊ नये म्हणून त्या शेपटात इंग्रजी स्वर घेतच नाहीत. त्यामुळे ते ना उच्चारता येतं, ना लक्षात राहतं. मी माउसने कॉपी करून चिकटवायचो. एका संध्याकाळी लाइन गेली, इन्व्हर्टरवर घाईत काम चालू होतं, आणि मी अर्धा तास भलत्याच पॉडचे लॉग वाचत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच कंप्लीशन बसवायला घेतलं.

सगळीकडे सापडणारा उपाय म्हणजे बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) एक ओळ टाकायची. टर्मिनल उघडलं की ती ओळ टूल चालवते, त्यातून निघालेली कंप्लीशनची स्क्रिप्ट लगेच वाचते. कुबसीटीएलपुरतं हे ठीक चाललं. मग हौसेने गिटहबचं जीएच, रस्ट भाषेचं रस्टअप आणि पायथनचं पिप या टूलच्याही ओळी टाकल्या, आणि टर्मिनल उघडायला नजरेत भरेल इतका वेळ लागू लागला. उघड आहे, प्रत्येक नव्या खिडकीला चार-चार प्रोग्राम आधी चालत होते.

माझ्या मते खरी पद्धत दुसरी आहे. स्क्रिप्ट एकदाच तयार करून फाइलमध्ये ठेवायची. होम फोल्डरमध्ये डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात बॅश-कंप्लीशन, त्यात कंप्लीशन्स असं फोल्डर करायचं आणि फाइलला हुबेहूब कमांडचंच नाव द्यायचं. फोल्डर आधी बनवा, नाहीतर आउटपुट वळवताना शेल तिथेच अडतो. बॅश-कंप्लीशन हे पॅकेज त्या कमांडवर पहिल्यांदा टॅब दाबल्यावरच ती फाइल उचलतं, तोवर तिला हात लावत नाही. रूटची परवानगी लागत नाही, आणि टर्मिनल पुन्हा झटक्यात उघडायला लागलं.

ते पॅकेज मात्र मशीनवर हवंच. एका कोऱ्या सर्व्हरवर नुसती स्क्रिप्ट नेली, टॅब दाबला, तर ‘_गेट_कॉम्प_वर्ड्स_बाय_रेफ: कमांड नॉट फाउंड’ असं आलं. स्क्रिप्टमध्ये काहीच चूक नव्हती. तिला लागणारी मदतनीस फंक्शनं त्या पॅकेजमधून येतात आणि तेच तिथे नव्हतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एका अक्षराच्या टोपणनावाने. मी कुबसीटीएलसाठी ‘के’ असा अलियास वापरतो. त्यासाठी लागणारी ‘कंप्लीट’ची ओळ (कोणत्या कमांडला कोणतं कंप्लीशन फंक्शन ते बॅशला सांगणारी) बॅशआरसीत होतीच. पण फाइलची पद्धत धरल्यावर नवीन टर्मिनलमध्ये ‘के’वर टॅब चालेना. एकदा पूर्ण ‘कुबसीटीएल’ लिहून टॅब दाबला की मग ‘के’सुद्धा चालायचं. कारण उशिरा कळलं: ती ओळ ज्या फंक्शनचं नाव घेते ते फंक्शन फाइल वाचली जाईपर्यंत अस्तित्वातच नसतं. उपाय साधा निघाला. बॅशआरसीतली ती ओळ काढली आणि त्याच फोल्डरमध्ये ‘के’ नावाची दोन ओळींची फाइल ठेवली. पहिली ओळ कुबसीटीएलची फाइल वाचते, दुसरी तेच फंक्शन ‘के’ला जोडते. मूळ फाइल पुन्हा तयार केली तरी ही जशीच्या तशी राहते.

दिवाळीत अमरावतीहून भाचा आला होता, तो बॅशऐवजी झेडशेल हा दुसरा शेल वापरतो. “मामाजी, फाइल तर टाकली, टॅब काहून चालत नाही?” पाहिलं तर दोन गोष्टी होत्या. फाइलच्या नावाआधी अंडरस्कोर नव्हता, आणि एफपाथची ओळ (कंप्लीशनच्या फाइली कुठे शोधायच्या ते सांगणारी) कॉम्पइनिटच्या (कंप्लीशन सुरू करणाऱ्या कमांडच्या) खाली होती. ती वर हवी. दोन्ही दुरुस्त केलं, कंप्लीशनची साठवलेली यादी असलेली जुनी झेडकॉम्पडम्प फाइल उडवली, नवीन शेल उघडला, झालं. फिश हा आणखी एक शेल, तो वापरणाऱ्यांचं आणखी सोपं आहे. त्याच्या कंप्लीशन्स फोल्डरमध्ये फाइल टाकली की काम झालं.

आता आमच्याकडची अडचण. उपकमांड आणि फ्लॅग (कमांडला जोडायचे पर्याय) टूल स्वतःच सांगतं, त्याला नेट लागत नाही. पण पॉडची नावं विचारली की टॅबसरशी सर्व्हरकडे विचारणा जाते. पावसाळ्यात टॉवरची रेंज गेली की टर्मिनल तिथेच थिजतं, कंट्रोल-सी दाबून बाहेर यावं लागतं. हा दोष कंप्लीशनचा नाही हे मला कळतं, तरी जुलै-ऑगस्टमध्ये त्रास झाला. आता नेट डळमळत असेल तर पॉडच्या नावावर मी टॅब दाबत नाही.

अपडेटनंतर काय, हे टूलवर आहे. कुबसीटीएलची स्क्रिप्ट पातळ आहे, टॅब दाबल्यावर ती टूललाच विचारते, म्हणून नवा फ्लॅग आपोआप दिसतो. रस्टअपच्या स्क्रिप्टमध्ये यादी आतच लिहिलेली असते, त्यामुळे ती नव्याने काढावी लागते. शिवाय प्रत्येकाची हाक वेगळी: कुठे ‘कंप्लीशन’, रस्टअपला ‘कंप्लीशन्स’, जीएचला शेलचं नाव फ्लॅगमधून. म्हणून सगळ्यांच्या कमांड एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवल्या आहेत आणि अपडेट झालं की ती चालवतो.

या सगळ्यातून घरचं एक काम निघालं. संत्र्याच्या क्रेटच्या हिशेबासाठी मी पायथनच्या क्लिक या लायब्ररीवर एक लहानसं टूल लिहिलं आहे. व्यापाऱ्याचं नाव कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ पडायचं आणि एकाच माणसाची दोन खाती तयार व्हायची. क्लिकमध्ये पर्यायाला आपलं फंक्शन जोडता येतं, ते आधीच्या नोंदींतून नावं काढून देतं. यंदाच्या तोडणीत बाबा खाली अंगणातून नाव आणि क्रेट सांगायचे, मी पहिली दोन अक्षरं लिहून टॅब दाबायचो. शेवटच्या गाडीपर्यंत एकही खातं दुहेरी झालं नाही.