तुळजापूर रोडवरची पागा : भित्रं घोडं असेल तर एकदा बघून या

सोलापुरात घोडं ठेवायला जागा शोधणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा वरातीवाले सोडले तर कुणी नीट सांगतच नव्हतं. आमची काजल मारवाडी घोडी, मामांनी अकलूजच्या घोडेबाजारातनं घेतलेली, चालीला एक नंबर पण स्वभावानं लई भित्री. आधी जिथं होती ती जागा गावात, शेजारी मंगल कार्यालय, लग्नसराईत रोज डीजे, आणि गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, शोभेचं दारूकाम सुरू झालं की ही रात्रभर दाव्याला हिसके देत उभी, अंग घामानं भिजलेलं, लीद पातळ. तिथल्या लोकांचं म्हणणं काय तर चार फटके टाका, सुधरेल. म्हणून मग हलवली.

नव्या पागेची पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे मालकांनी गाडी आणायच्या आधीच फोनवर सगळं विचारून घेतलं. काय खाते, कधी खाते, शेजारी घोडं असतं का, कशाला बुजते. आणि बजावून सांगितलं की जुन्या जागचा कडबा आणि चंदी (दाण्याचा खुराक) आठ-दहा दिवस पुरेल एवढी सोबत आणा, पाण्याचे दोन कॅन पण आणा. कारण घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू चारा पचवतात, त्यांना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो, खाणं एकदम बदललं की पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही म्हणून पोट बिघडलं की ते जिवावरच येतं. पाण्याचंही तसंच. इथलं बोअरचं पाणी जरा मचूळ आहे, बुजलेलं घोडं नवा वास आला की तोंडच लावत नाही, आणि कोरडा कडबा खाऊन पाणी कमी पडलं की पोट गच्च होतं. मोठं घोडं दिवसाला साधारण 25 ते 50 लिटर पाणी पितं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. हे लोक बादली भरताना आणि उचलताना दोन्ही वेळा बघतात किती प्यायली, आणि वहीत लिहितात. लीद किती वेळा टाकली तेही लिहितात, हे मी दुसरीकडं कुठंच बघितलं नाही.

नवीन घोडं लगेच बाकीच्यांत सोडत नाहीत, दोन-तीन आठवडे वेगळं ठेवतात, बादली वेगळी, खराऱ्याचा ब्रश वेगळा, ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा कागद बघितल्याशिवाय तर आतच घेत नाहीत. हा रोग माणसालाही होतो त्यामुळं हे बरोबरच आहे. पण वेगळं म्हणजे एकटं नाही, हे त्यांना कळतं. घोडं कळपातलं जनावर, दुसरं घोडं दिसलं नाही की त्याचा जीव वरखाली होतो. म्हणून वेगळं ठाण (घोडं ठेवायची जागा) अंगणाच्या पलीकडं आहे पण समोर एक म्हातारी शांत घोडी बांधलेली असते, ही खिंकाळली की ती उत्तर देते.

आता चाचांबद्दल. चाचा तिथले मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे. काजल उतरवली तेव्हा भिंतीला चिकटून उभी, कान मागे दाबलेले, नाकपुड्या फुगलेल्या. मला वाटलं आता हे हात लावणार, गोंजारणार. छे. चाचा दाराशी घमेलं पालथं टाकून बसले, तिच्याकडं बघेनात पण, कडब्याची पेंढी सोडून एक एक ताट मोडत बसले. त्या मोडायच्या आवाजावर तिचा एक कान पुढं आला, मग दुसरा, बऱ्याच वेळानं मान खाली घालून जोरात फुरफुरली आणि त्यांच्या हाताजवळचं ताट ओढून घेतलं. तरी चाचा हलले नाहीत. मला म्हणाले, "मालक, आज एवढंच. उद्या तीच येईल."

पहिले काही दिवस खोगीर नाही, नालबंद नाही, बघायला पाहुणे नाहीत. रोज तोच माणूस, तीच वेळ, हातानं धरून त्याच वाटेनं फेरी. जवळ जायचं ते खांद्याच्या बाजूनं आणि बोलत बोलत, कारण घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. पिछाडी (मागच्या पायांना बांधायचा दोर) बांधत नाहीत, ठाणात मोकळी ठेवतात. चारा पण दोन टायमाला ढीग टाकून मोकळं होत नाहीत, थोडा थोडा दिवसभर, कारण घोड्याच्या पोटात आम्ल सतत सुटत असतं आणि पोट रिकामं राहिलं तर अल्सर होतो. घाबरलेल्या घोड्याला चघळायला काहीतरी असलं की तसंही ते शांत राहतं. आता काजल चाचांचा आवाज आला की दारात येऊन उभी राहते, हे मामांना दाखवलं तर त्यांना पटेना.

कमी पण सांगतो. पत्रे आहेत आणि वर आच्छादन नाही, एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर गेला की दुपारी ठाण तापतं. फॅन आहेत पण लाईट गेली की संपलं. मालकांना सांगितलंय, वरून कडब्याच्या पेंढ्या टाका म्हणून, बघू. पावसाळ्यात रोडपासून आतला रस्ता चिखलाचा, घोड्याची गाडी अडकते. डॉक्टर गावातनं बोलवावे लागतात. लसूणघास कधी मिळतो कधी नाही. महिन्याचे पैसे गावातल्या तबेल्यापेक्षा जास्त आहेत, चंदी किती त्यावर ठरतात, मला तरी ते वाजवी वाटले.

घोडं न्यायचं असेल तर सकाळी लवकर उन्हाच्या आत न्या, धनुर्वाताची लस झालेली असू द्या, आणि त्याची जुनी मोरखी (तोंडाला बांधायची दोरी), जुनी बादली धुऊ नका, तशीच सोबत द्या, ओळखीचा वास लागतो. गड्ड्याच्या दिवसांत जागा हवी असेल तर दिवाळीतच बोलून ठेवा, तेव्हा गावातले बरेच जण घोडी तिकडं हलवतात.