शपथपत्रातला एक आकडा की रिटर्नची तीस पाने?

निवडणूक जवळ आली की इंदूरच्या आपल्या वस्त्यांत, रामबाग असो की लोकमान्य नगर, रहिवासी संघ उमेदवारांना बोलावतात आणि पाणी, ड्रेनेज, रस्ता यांची यादी पुढे ठेवतात. त्या यादीत उमेदवाराच्या आयकराचा मुद्दा घालायचा का, आणि घालायचा तर नेमका कोणता कागद मागायचा, हे ठरवणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. पर्याय दोनच. उमेदवारी अर्जासोबत येणारे फॉर्म 26 चे शपथपत्र पुरे मानायचे, किंवा उमेदवाराने आपले अख्खे रिटर्न लोकांपुढे ठेवावे असा आग्रह धरायचा.

शपथपत्राचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. उमेदवाराने आपले गुन्हे आणि मालमत्ता जाहीर करावी असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निकाल, संसदेने केलेली पळवाट, ती बंद करणारा 2003 चा निकाल. आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे तो 26 फेब्रुवारी 2019 च्या अधिसूचनेचा. तोवर परिच्छेद 4 मध्ये एकाच वर्षाचे उत्पन्न मागत. तेव्हापासून स्वतः, पती किंवा पत्नी, एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) आणि अवलंबित अशा सगळ्यांचे पाच वर्षांचे आकडे द्यावे लागतात. परदेशातील मालमत्ताही त्याच वेळी आली.

शपथपत्राची बाजू आधी मांडतो, कारण ती वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. मालमत्तेच्या बाबतीत रिटर्न त्याच्या जवळपासही येत नाही. शपथपत्रात प्रत्येक घर, प्लॉट, शेत यांची खरेदीची तारीख, खरेदीची किंमत, नंतर घातलेला पैसा आणि आजची अंदाजे किंमत असे सगळे येते. रिटर्नमध्ये मालमत्तेचे शेड्यूल (म्हणजे तक्ता) एएल भरावे लागते ते उत्पन्न 1 कोटीच्या वर असेल तरच (आधी ही मर्यादा 50 लाख होती), आणि तेही फक्त खरेदीच्या किमतीने. बायपासजवळ पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली जमीन तिथे आजही त्या वेळच्या भावातच दिसते. शिवाय शपथपत्र निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर कुणालाही फुकट मिळते, त्याचा नमुना देशभर एकच आहे, आणि 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर रकाना कोरा सोडता येत नाही. निवडणूक अधिकारी आधी सूचना देतो, तरीही जागा भरली नाही तर अर्ज बाद होऊ शकतो. खोटे लिहिले तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125 ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. लिहिलेले खरे की खोटे हे मात्र तो अधिकारी तपासत नाही; तो फक्त रकाने भरले आहेत का एवढेच पाहतो.

मग अडते कुठे? परिच्छेद 4 च्या त्या एका रकान्यात. 'आयकर रिटर्नमध्ये दाखवलेले एकूण उत्पन्न' एवढेच तो मागतो. आयकराच्या हिशेबात 'एकूण उत्पन्न' म्हणजे सगळ्या वजावटी घेतल्यावर, मागचे तोटे वळते केल्यावर आणि करमुक्त रकमा बाहेर ठेवल्यावर उरलेला आकडा. कर किती भरला, हेही शपथपत्र विचारत नाही. थकबाकी असेल तर ती देण्यांत येते, भरलेला कर कुठेच नाही.

तीन काल्पनिक उमेदवार घ्या. तिघांच्या शपथपत्रात गेल्या वर्षाचा आकडा एकच, 6,20,000 रुपये.

पहिला सियागंजातला व्यापारी, दोन फर्ममध्ये भागीदार. फर्म आपल्या नफ्यावर 30 टक्के दराने कर भरते, म्हणून भागीदाराच्या वाट्याला आलेला नफा कलम 10(2ए) खाली त्याच्या हातात करमुक्त असतो. त्याला फर्मकडून मिळालेला मेहनताना आणि व्याज तेवढे 'एकूण उत्पन्नात' येते, ते सहा लाख. नफ्याचा वाटा समजा 55 लाख, तो शपथपत्राच्या या रकान्यात येतच नाही.

दुसऱ्याचा जमिनीचा धंदा. या वर्षी 90 लाखांचा नफा झाला, पण मागच्या वर्षांचा धंद्यातला तोटा पुढे ओढलेला होता, तो वळता झाला आणि उरले सहा लाख वीस हजार. यातही बेकायदा काही नाही.

तिसऱ्याचे भाड्याचे आणि व्याजाचे उत्पन्न सहा लाख, आणि शेतीचे 38 लाख. शेतीचे उत्पन्न कलम 10(1) खाली करमुक्त, त्यामुळे तेही या आकड्याबाहेर.

आता रिटर्न उघडा. पहिल्याचे आयटीआर-3, म्हणजे धंद्याचे उत्पन्न असणाऱ्यांचा फॉर्म असेल. त्यात शेड्यूल आयएफमध्ये दोन्ही फर्मची नावे, पॅन, वाट्याची टक्केवारी आणि नफ्याची रक्कम. दुसऱ्याच्या शेड्यूल सीएफएलमध्ये कोणत्या वर्षाचा किती तोटा पुढे आला ते वर्षवार. तिसऱ्याच्या शेड्यूल ईआयमध्ये शेतीची ढोबळ आवक, खर्च, निव्वळ उत्पन्न. आणि निव्वळ रक्कम 5 लाखांच्या वर गेली की जिल्हा, पिनकोड, जमीन किती एकर, स्वतःची की खंडाने घेतलेली, बागायती की कोरडवाहू, हे सगळे. समजा तिथे बारा एकर लिहिले आहेत. माळव्यात बारा एकरांत सोयाबीन एकरी पाच क्विंटल धरले तर 60 क्विंटल. 2024-25 च्या 4,892 रुपयांच्या हमीभावाने 2.94 लाख. रब्बीत गहू एकरी अठरा क्विंटल धरला, बऱ्यापैकी उदार हाताने, तर 216 क्विंटल. 2,275 च्या भावाने 4.91 लाख. दोन्ही मिळून आठ लाखांच्या आत, आणि त्यातून बी-खत-मजुरी अजून जायची आहे. 38 लाख कुठून आले? लसणाच्या तेजीचे वर्ष असेल तर उत्तर असूही शकते, आणि ते उत्तर उमेदवाराने खुशाल द्यावे. पण हा प्रश्न विचारायला लागणारा कागद शपथपत्र नव्हे. त्यात शेत दिसते, पीक दिसत नाही.

माझ्या मते सगळा निर्णय या एका रकान्यापाशी होतो, आणि तो फक्त लबाडाला पकडण्यासाठी नाही. पहिल्या उमेदवाराचेच पाहा. त्याच्या शपथपत्रात पाच वर्षांत मालमत्ता दोन कोटींनी वाढलेली आणि उत्पन्न दरसाल सहा लाख. वर्तमानपत्रात चौकट येते, व्हॉट्सॲपवर फिरते, आणि ज्याच्या फर्मने प्रत्येक रुपयावर कर भरला आहे तो माणूस चोर ठरतो. आमदाराला मिळणाऱ्या मतदारसंघ भत्त्याचीही तीच गत: तो कलम 10(17) खाली करमुक्त, म्हणून या आकड्यात नाही, आणि मग बँकेतली शिल्लक जुळत नाही. प्रामाणिक उमेदवाराला हा रकाना वाचवत नाही आणि दुसऱ्याला अडवत नाही.

वजावटींचे महत्त्व किती, हे अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रकरणात दिसले. 1970 मध्ये दोन लाख डॉलरच्या वर उत्पन्न असताना त्यांनी कर भरला होता 792.81 डॉलर. कारण होते आपली जुनी कागदपत्रे सरकारी अभिलेखागाराला दान दिल्याची मोठी वजावट. 1973 मध्ये रिटर्न लोकांपुढे आली, वजावट टिकली नाही, आणि चार लाख डॉलरहून जास्त कर निघाला. नुसता उत्पन्नाचा आकडा जाहीर झाला असता तर हे कुणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. त्यानंतर तिथे अध्यक्षपदाचे उमेदवार आपणहून रिटर्न दाखवू लागले. 2016 पर्यंत तो रिवाज चालला. तो मोडल्यावर कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये पाच वर्षांच्या रिटर्नची सक्ती करणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तो राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवला. सक्तीचा मार्ग तिथे अवघड निघाला. आपल्याकडे परिस्थिती थोडी वेगळी आहे: फॉर्म 26 हा निवडणूक नियमांचा भाग आहे आणि पाच वर्षांचा रकाना अधिसूचनेनेच आला. आणखी चार ओळी घालायच्या तर तोच रस्ता मोकळा आहे.

रिटर्न उघड करण्याविरुद्धचे आक्षेप हलके नाहीत. रिटर्नमध्ये फक्त उमेदवार नसतो. टीडीएसच्या शेड्यूलमध्ये कर कापणाऱ्यांची ओळख पटते. वकील किंवा डॉक्टर उमेदवार असेल तर कोणत्या कंपन्यांनी त्याला पैसे दिले ते कळते. घरभाड्याच्या शेड्यूलमध्ये भाडेकरूचे नाव आणि काही वेळा पॅन. 80 डीडीबी किंवा 80 यू ची वजावट घेतली असेल तर गंभीर आजार किंवा अपंगत्व उघड होते. बँक खात्यांचे क्रमांक तर आहेतच. कायदाही या आक्षेपांच्या बाजूने झुकलेला आहे: ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिटर्न ही खासगी माहिती मानली, मोठे जनहित दाखवल्याशिवाय ती माहितीच्या अधिकारात मिळत नाही. आणि एप्रिल 2024 मध्ये, अरुणाचलच्या एका निवडणुकीच्या खटल्यात, उमेदवाराने प्रत्येक जंगम वस्तू सांगितलीच पाहिजे असे नाही, मतदाराचा जाणण्याचा हक्क अमर्याद नाही, असेही म्हटले.

तरी हे आक्षेप काळ्या पट्टीने बरेचसे सुटतात असे मला वाटते. खाते क्रमांक, पत्ता, मोबाइल, आधार, भाडेकरूंची व अशिलांची नावे, आरोग्याशी संबंधित वजावटी झाका. रकमा उघड्या ठेवा. मूळ अडचण कायद्याची होती ती दुसऱ्याने मागण्याची. स्वतःचे रिटर्न स्वतः दाखवायला उमेदवाराला कोणी अडवत नाही.

दोन्ही कागद जिथे आंधळे आहेत ते आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर निराशा होणार नाही. इंदुरात डायरीवर फिरणारे प्लॉटचे सौदे ना शपथपत्रात येतात ना रिटर्नमध्ये. नोंदणी होईपर्यंत कागदावर काही नसतेच. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत ठेवलेला नफा भागधारकाच्या रिटर्नमध्ये येत नाही. आणि कलम 44 एडी खाली अंदाजित नफा दाखवणाऱ्याचे आयटीआर-4, म्हणजे सुगम, फार काही बोलत नाही: उलाढाल, तिच्या 6 किंवा 8 टक्के नफा, थोडी शिल्लक-उधारी, संपले. अशा उमेदवाराच्या बाबतीत अख्खे रिटर्न मागून फारसा फायदा नाही, हे कबूल. एक गोष्ट मात्र तिथेही हाती लागते. कंपनीचा संचालक, शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीचे शेअर असलेला, किंवा शेतीचे उत्पन्न 5,000 च्या वर असलेला माणूस सुगम भरूच शकत नाही. शपथपत्रात संचालकपद किंवा शेतीचे उत्पन्न आणि रिटर्न सुगम, असे दिसले तर फॉर्मच चुकला आहे, मुद्दाम की नकळत ते विचारा.

मागायचे ठरवलेत तर पत्रात शब्द नेमके ठेवा. नुसते 'रिटर्न द्या' म्हटले की बहुतेक वेळा एका पानाची पावती येते, आयटीआर-व्ही. तिच्यावर पुन्हा तेच एकूण उत्पन्न. भरलेला कर तेवढा जास्तीचा कळतो. म्हणून 'ई-फायलिंग पोर्टलवरून काढलेली फॉर्मची पूर्ण पीडीएफ, सर्व शेड्यूलसह, आणि कलम 143(1) ची सूचना' असे लिहा. सूचनेत विभागाने हिशेब मान्य केला की बदलला ते दिसते. सुधारित किंवा अद्ययावत रिटर्न भरले असेल तर मूळ आणि नंतरचे दोन्ही मागा. अद्ययावत रिटर्नची मुदत आता चार वर्षांपर्यंत गेली आहे, आणि जादा कर भरून जुन्या वर्षांचे उत्पन्न वाढवता येते; निवडणुकीच्या तोंडावर तसे झाले असेल तर तारखेवरून कळते.

पाच वर्षांचा हट्ट धरू नका, तीन पुरेत. आयटीआर-3 एका वर्षाचे तीस-चाळीस पानांचे होते, आणि कुणीतरी ते वाचायचेही आहे. पती-पत्नी आणि एचयूएफ यांचे पॅन वेगळे, रिटर्न वेगळे. उमेदवाराच्या फॉर्ममध्ये ते सापडणार नाहीत, म्हणून पत्रात वेगळे नमूद करा. तुलना करताना आर्थिक वर्ष आणि आकारणी वर्ष (त्याच्या पुढचे वर्ष) यांची गल्लत सर्वांत जास्त होते. शपथपत्र आर्थिक वर्ष विचारते, पावतीवर आकारणी वर्ष ठळक असते, आणि अख्खा तक्ता एक घर सरकतो. आकडे जुळले नाहीत तर आधी हे पाहा, मग संशय घ्या. 2023 ची विधानसभा आणि 2024 ची लोकसभा अशा दोन्ही निवडणुका लढवलेल्यांची दोन शपथपत्रे शेजारी ठेवली तर तीच वर्षे दोनदा येतात. तिथे फरक असेल तर तो वर्षांच्या गल्लतीचा, अद्ययावत रिटर्नचा, नाहीतर मग बाकीचा. कलमांचे क्रमांक इथे 1961 च्या कायद्याचे दिले आहेत. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात ते बदलले, पण मागच्या वर्षांची रिटर्न जुन्याच क्रमांकांनी वाचावी लागतील.

उमेदवार पूर्ण रिटर्नला तयार नसेल तर चार शेड्यूलवर तडजोड करायला माझी हरकत नाही: ईआय, आयएफ, सीएफएल आणि परदेशी मालमत्तेचे एफए, सोबत कराच्या हिशेबाचे पान. साताठ पानांचे काम आहे, त्यात भाडेकरू नाही की आजार नाही. शपथपत्राचा मालमत्तेचा परिच्छेद 7 त्याच्या शेजारी ठेवा. पत्र उमेदवारी अर्ज भरायच्या सुमारास द्या. माघारीच्या शेवटच्या दिवसानंतर मतदानापर्यंत कायद्याने किमान चौदा दिवस मिळतात आणि वाचणाऱ्या सीएला त्यातले निम्मे लागतात.