किमान वेतन की करातून मदत? अमेरिकी उजव्यांची निवड

दिवसभर राबूनही घर चालत नसेल, तर तूट कुणी भरायची? मालकाने की सरकारने? अमेरिकेच्या कायद्यात याची दोन्ही उत्तरं आहेत.

किमान वेतन १९३८ साली ताशी २५ सेंटपासून सुरू झालं. केंद्राचा दर २००९ पासून ७.२५ डॉलरवरच आहे. अनेक राज्यांनी स्वतःचा दर त्याहून वर नेला. उजव्यांचा आक्षेप जुनाच आहे: मजुरीचा भाव सरकारने ठरवला की छोटा दुकानदार माणसं कमी करतो आणि पहिली गदा नवशिक्यावर येते.

दुसरा मार्ग ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’. रिपब्लिकन अध्यक्ष फोर्ड यांच्या काळात, १९७५ साली तो आला आणि रेगन यांनी १९८६ मध्ये वाढवला. कमी कमावणाऱ्याला करात सूट मिळते. सूट करापेक्षा जास्त झाली तर उरलेली रक्कम हातात पडते. मुख्य अट ही, की कमाई कामातून हवी. उजव्यांना हा मार्ग पटतो तो इथेच. मदत कामाशी बांधलेली राहते आणि भार एका मालकावर न पडता सगळ्या करदात्यांवर वाटला जातो. हे मलाही न्याय्य वाटतं.

पण पैसे वर्षातून एकदाच येतात, घरभाडं मात्र दर महिन्याला. मूल नसलेल्या कामगाराला २०२३ साठी जास्तीत जास्त ६०० डॉलर होते, तीन मुलं असलेल्याला ७,४३०. शिवाय सरकार तूट भरतंय म्हटल्यावर मालक पगार का वाढवेल? म्हणून मी दुसरा मार्ग निवडेन, पण पहिला मोडून नाही.