जुन्या कोन पुली लेथला नवी मोटर : उद्यमनगरातील एका फिटिंग सेवेचे परीक्षण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग (आतील तारेची वेटोळी नव्याने गुंडाळणे) करून देणारी दुकाने पुष्कळ आहेत. परंतु जुन्या लेथवर मोटर बसवून, पुलीची लाइन जुळवून आणि तेल-ग्रीसची नीट व्यवस्था लावून मगच हात पुसणारी माणसे मोजकीच. आमचा सहा फुटी, पंजाबातील बटाल्याच्या ओतीव बेडाचा कोन पुली लेथ (पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीवर पट्टा सरकवून वेग बदलायचा लेथ) अशाच एका लहान वर्कशॉपकडे सोपवला होता. जुन्या मोटरचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळ्या, इतके झिजले होते की रोटर (फिरणारा भाग) स्टेटरला (स्थिर भागाला) घासू लागला होता. रिवाइंडिंगने हा दोष जाणार नाही, हे त्यांनी मोटर उघडताच दाखवून दिले आणि नवी दोन एचपीची थ्री-फेज मोटर सुचवली. सल्ला योग्य होता.

पहिला प्रश्न वेगाचा होता. जुनी मोटर मिनिटाला ९६० फेऱ्यांची, तर बाजारात सहज मिळणारी नवी मोटर १४४० फेऱ्यांची. जुनी सहा इंची पुली तशीच चढवली असती, तर काउंटरशाफ्ट (मोटर आणि लेथ यांच्यामधला दांडा) आणि त्याच्यामागून स्पिंडल (काम फिरवणारा मुख्य दांडा) दीडपट वेगाने फिरले असते, आणि गनमेटलच्या साध्या बुशांवर चालणाऱ्या स्पिंडलला तो वेग सोसला नसता. मिस्त्रींनी जुन्या मोटरच्या पाटीवरचा आकडा वाचून चार इंची पुली टर्न करून दिली, त्यामुळे लेथचे सगळे वेग पूर्वीइतकेच राहिले. इतका साधा हिशेब अनेक ठिकाणी केला जात नाही.

बसवण्याचे काम मी शेजारी उभे राहून पाहिले, आणि या सेवेचे खरे मोल तेथेच कळले. जुन्या मोटरच्या पायांची छिद्रे इंची मापाची. नवी ९० फ्रेमची, म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत उंची ९० मिलिमीटर आणि शाफ्टचा व्यास २४ मिलिमीटर. त्यामुळे लेथच्या मूळ बिजागरीच्या ब्रॅकेटला नवी छिद्रे न पाडता, मध्ये बारा मिलिमीटरची माइल्ड स्टीलची प्लेट घालून तीवर लांबट खाचा पाडण्यात आल्या. जुन्या यंत्राच्या ओतीव भागाला हात न लावण्याची ही काळजी मला फार मोलाची वाटते. त्यानंतर चारही बोल्ट आवळून मिस्त्रींनी एकेक बोल्ट सैल केला आणि प्रत्येक वेळी त्या पायाखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून पाहिला. एक पाय टेकत नव्हता. त्याखाली पितळी शिम (पातळ पत्री) घातली. हा पाय तसाच आवळला असता तर मोटरची बॉडी किंचित पिळवटली असती आणि बेअरिंगवर कायमचा ताण राहिला असता. पुली शाफ्टवर हातोड्याने ठोकून बसवली नाही, तर शाफ्टच्या टोकाच्या आट्यांत स्टड धरून नटने सावकाश ओढून घेतली, कारण हातोड्याचा प्रत्येक घाव बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत पोहोचतो आणि रेसवर खड्डे पाडतो. शेवटी दोन्ही पुलींच्या तोंडांवर दोरी ताणून ती चारही ठिकाणी टेकते हे पाहिले, आणि पुलींमधील अंतर साधारण ४०० मिलिमीटर असल्याने व्ही-बेल्ट मधोमध बोटाने दाबल्यावर सुमारे सहा मिलिमीटर खचेल इतकाच ताण ठेवला.

मोटरखाली रबरी पॅड घालावेत, असा माझा आग्रह होता. बेल्टच्या ओढीने मोटर रबरावर कलते आणि जुळवलेली लाइन बिघडते, असे सांगून मिस्त्रींनी तो मानला नाही. काम सुरू झाल्यावर फिनिशिंग कटच्या पृष्ठभागावर लहरींची नक्षी दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांचे म्हणणे पटले.

वंगणाच्या बाबतीतही त्यांनी सरसकट एकच डबा वापरला नाही. नव्या मोटरची बेअरिंग दोन्ही बाजूंनी बंद असल्याने तिला ग्रीस द्यायचेच नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. काउंटरशाफ्टच्या एका टोकाला पूर्वी कोणीतरी बसवलेले उघडे बेअरिंग मात्र रॉकेलने धुऊन, कोरडे करून, त्यातील मोकळ्या जागेच्या निम्म्याहून कमी भागात दोन नंबरचे लिथियम ग्रीस भरले. ठासून भरलेले ग्रीस घुसळले जाऊन तापते आणि सीलमधून बाहेर येते. दुसऱ्या टोकाच्या बुशच्या तेलकपातील फेल्टची वात दगडासारखी कडक झाली होती. ती बदलून ६८ ग्रेडचे साधे मशीन ऑइल घातले. अनेक शेडमध्ये अशा कपांत गाडीतून काढलेले जळके ऑइल ओततात. त्यातील काजळी आणि बारीक धातूकण वातीत बसून तेलाची वाट बंद करतात, आणि मग दोष बुशला दिला जातो. बिजागरीच्या पिनलाही तेलाचे चार थेंब दिले, कारण ती पिन गंजली की मोटर जागीच अडकून बसते आणि बेल्टचा ताण कधीच नीट राहत नाही.

विजेचे काम थोडक्यात पण नीट झाले: मेगर या मापकाने इन्सुलेशन तपासले, बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडले आणि ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटर बंद करणारा) साडेतीन अँपिअरच्या आसपास लावला. मी स्टार्टरकडे हात नेताच मिस्त्री म्हणाले, ‘‘मालक, आधी पट्टा उतरवूया, मग बटण दाबा.’’ आमचा चक, म्हणजे काम पकडणारा जबडा, स्पिंडलवर आट्यांनी बसतो. मोटर उलटी फिरली असती तर तो जागच्या जागी सुटून अंगावर आला असता. खरोखरच फेज उलटे लागले होते.

उणीव एकच, पण गंभीर. बेल्टचे गार्ड कामात धरलेलेच नव्हते आणि ते दर ठरवताना सांगितले गेले नाही; उघडा बेल्ट फिरत असताना लेथवर कोणालाही उभे करता येत नाही, त्यामुळे गार्ड दुसरीकडून पत्र्याचे बनवून घ्यावे लागले. बिलातही ‘मोटर फिटिंग’ एवढीच एक ओळ होती. काम देणाऱ्याने पुली, प्लेट आणि गार्ड यांचे दर आधीच वेगवेगळे लिहून घ्यावेत आणि जुनी मोटर पुलीसह सोबत न्यावी, कारण तिच्या पाटीवरच्या फेऱ्या आणि पुलीचा व्यास यांवरूनच पुढचा सगळा हिशेब निघतो.